सेडीचं काळीज

"तिला कुणी फाडायचं नाही," एनोस म्हणाला आणि दाराच्या चौकटीला हात लावून आडवा उभा राहिला.

शववाहिनी कुंपणापाशी थांबली होती. आत स्वैपाकघरातल्या लांब टेबलावर त्याची मुलगी सेडी चादरीखाली निजली होती. सकाळी निसटलेल्या कोंबडीमागे ती अंगणात धावली, खिदळत होती, आणि पडली. पुन्हा उठलीच नाही. आदल्या हिवाळ्यात तिचा थोरला भाऊ अ‍ॅटली गोठलेल्या तळ्यावर खेळताना असाच कोसळला होता. तेव्हा चौकशीला आलेल्या अधिकाऱ्यानं एनोसचं 'नको' ऐकलं, टोपी काढली आणि तो निघून गेला. जुन्या चालीनं जगणाऱ्या अमिश ख्रिस्ती पंथाची सगळी वस्ती म्हणाली, देवाची मर्जी.

या वेळी मृत्यूची चौकशी करायला डॉक्टर हेलन ब्रँट आल्या होत्या. केस पिकलेली, आवाज न चढवणारी बाई.

"एनोस, पोर दवाखान्यात आजारानं गेली असती तर तुमचा शब्द अखेरचा होता. तुम्ही नाही म्हणालात तर आम्ही हातही लावला नसता. पण धडधाकट मूल असं अचानक गेलं, की कायदा मला विचारतो, तुम्हाला नाही."

"मग घेऊन जा की. माझ्या दारात उभ्या कशाला राहिलात?"

"मुलगी तुमची आहे म्हणून."

एनोसची बायको लोविना मागून पुढे आली. तिच्या हातात कंगवा होता.

"तुम्ही तिचं नक्की काय करणार, डॉक्टरबाई?"

"लोविना, आत जा."

"मला ऐकू दे. पोटात मी वाढवलीय तिला."

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. काही लपवलं नाही, काही गोड केलं नाही. दोन्ही खांद्यांपासून छातीच्या मध्यापर्यंत चीर, तिथून सरळ खाली. फासळ्यांचा पुढचा भाग उचलायचा. एकेक अवयव बाहेर काढून तोलायचा, निरखायचा. कणभर तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा. थोडं रक्त ठेवून घ्यायचं. मग सगळं परत आत ठेवून शिवायचं. "अंगात कपडे चढवले की काही दिसत नाही. चेहऱ्याला काही होत नाही. फक्त मेंदू बघायला मागून डोकं उघडावं लागतं."

"डोक्याला हात नाही लावायचा," लोविना म्हणाली. "आमच्यात बायकांच्या केसांना कात्री लागत नाही."

डॉक्टरीणबाईंनी थोडा विचार केला. "नाही लावणार."

लोविना त्यांच्याकडे बघत राहिली. "लेकराचं काळीज हातात घेताना काय वाटतं हो तुम्हाला?"

हा प्रश्न त्यांना आजवर कुणी विचारला नव्हता. "बोलवत नाही," त्या म्हणाल्या. "त्या वेळी आमच्या खोलीत कुणीच बोलत नाही."

लोविनानं चौकटीवरचा नवऱ्याचा हात हळूच खाली घेतला. "जाऊ दे तिला," ती म्हणाली.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरीणबाई स्वतः सेडीला घेऊन आल्या. लोविनानं चादर उघडली. टाके बारीक होते, सारख्या अंतरावर. केसांची बट न् बट तिनं विंचरली होती तशीच होती. ती त्या शिवणीवरून बोटं फिरवत राहिली. आतल्या ज्या ठिकाणी तिचाही हात कधी पोचला नव्हता, तिथं कुणी तरी जाऊन आलं होतं, आणि सगळं जागच्या जागी ठेवून आलं होतं.

"काय सापडलं?" एनोसनं विचारलं.

"काही नाही. तिच्या मुठीएवढं काळीज. इतकं निर्दोष काळीज मी क्वचित पाहिलंय."

"म्हणजे उगाच फाडलीत."

"नाही, एनोस. मांसात दोष असता तर तो मला दिसला असता. असं चांगलं काळीज आपोआप थांबत नाही. खोट ठोक्यात असणार. ठोका मेल्यावर दिसत नाही. पण तसली खोट आईबापांच्या रक्तातून येते." त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं. सेडीचा धाकटा भाऊ मेनो धान्याच्या पोत्यांवरून उड्या मारत होता. "मला आता तुमची जिवंत मुलं बघायचीत."

एनोस खाली बसला.

सेडीचं रक्त मोठ्या शहरात गेलं. मागोमाग सगळ्या घराचं गेलं. झाडांची पानं गळून गेली तेव्हा उत्तर आलं. निम्मी खोट बापाकडे होती, निम्मी आईकडे. एकेकटी ती कुणाला मारत नव्हती. सेडीत दोन्ही एकत्र आल्या होत्या. मेनोतही आल्या होत्या. औषध होतंच, पण डॉक्टर म्हणाले, शिवाय छातीत कातडीखाली एक यंत्र बसवू. विजेवर चालणारं, ठोका चुकला की झटका देऊन काळीज पुन्हा चालवणारं.

वस्तीत विजेची तारही येऊ देत नसत. एनोस डोक्यावरची टोपी हातात घेऊन म्हाताऱ्या बिशपांकडे गेला. बिशपांनी सगळं ऐकून घेतलं, दाढी कुरवाळली.

"वीज घरात नको असं ठरलंय आपलं," ते म्हणाले. "पोराच्या छातीत नको असं कुणी म्हटलेलं मला तरी आठवत नाही."

पुढच्या उन्हाळ्यात शेजाऱ्यांचं नवं कोठार उभं करायला सगळी वस्ती जमली होती. मेनो गवताच्या गंजीवरून पोरांबरोबर घसरत होता. एकाएकी तो मध्येच कोसळला आणि हलेना. हातोड्या थांबल्या. लोविना धावली. तिला ते पडणं ओळखीचं होतं. ती पोचायच्या आत मेनोचं सगळं अंग एकदा जोरात उसळलं. मग त्यानं डोळे उघडले, छाती धरली आणि भोकाड पसरलं.

"आई, मला लाथ कुणी मारली?"

लोविनानं त्याला पोटाशी धरलं.

"तुझ्या ताईनं," ती म्हणाली.