अमृतसर पाहून आलेली माणसं

गोमाजीला पाय धुवायलाही कोणी सोडलं नाही. कशेडी घाटाच्या पायथ्याचा सगळा महारवाडा त्याच्या अंगणात बसला होता. दासगावच्या बंदरात उतरल्यापासून तो आणि त्याची बायको ठमाबाई चालतच आली होती. महाडात मोटारवाल्याने 'जागा नाय' म्हणून हात हलवला. मोटार अर्धी रिकामी होती.

हिंदू म्हणून मरायचं नाही, हे वाडीत ठरलं होतं. मग शीख व्हायचं का, ते गोमाजी अमृतसर पाहून येऊन सांगणार होता. लढाईच्या वेळी तो महारांच्या पलटणीत होता, हिंदुस्थानी बोलायचा. तो सांगेल तसं सगळी वाडी करणार होती. म्हातारा चांगू तर थांबलाच नव्हता. वैशाखाच्या उन्हात दाढी वाढवून खाजवत बसला होता.

"न्हावी तसाबी मला शिवत नाय," तो म्हणाला. "मंग मीच वस्तरा टाकला."

सदू मुंबईच्या गिरणीतून रजेवर आलेला. त्याला दम धरवत नव्हता. "तात्या, टाइम नका घालवू. सोन्याचं देऊळ हाय का नाय?"

"हाय. तळ्याच्या मधोमध. ऊन पडलं का डोळं मिटावं लागतात."

"आणि आपल्याला आत घेतलं?"

"तेच सांगतो." गोमाजी भिंतीला टेकला. "ठेसनावर उतरलो आणि वहाणा काढून काखेत मारल्या."

कोणी हसलं नाही. गावच्या आळीतून जाताना सगळेच तसं करत.

"अख्खा बाजार तसाच चाललो. पाय भाजून निघालं. देवळाच्या दारात एक सरदार बसलेला, पांढरी दाढी, मोठ्या घरचा वाटला. त्यानं हात पुढं केला. म्हटलं, हाकलतोय. तर त्यानं माझ्या काखेतल्या वहाणा ओढून घेतल्या, आपल्या पंच्यानं पुसल्या आणि फळीवर नीट ठेवल्या."

चांगूची बोटं दाढीत थांबली. "पुसल्या? तुझ्या वहाणा?"

"माझ्या. मंग पंगतीला बसलो. शेजारी कोण, कुणी इचारलं नाय. रोटी वरून टाकली नाय, हातात दिली."

"आणि ती बाग? गोळीबाराची?" सदूने विचारलं.

"भिंतीत भोकं हायत. बोट आत जातं." गोमाजीने आपल्या बोटाकडे पाहिलं. "आमाला पलटणीत दिलेली तीच बंदूक."

सदू उठून उभा राहिला. "मंग फैसला झाला! अजून काय पायजे? उद्या मुंबईला कळवतो, वाडी तयार हाय."

गोमाजीने डोळे मिटले. एवढंच सांगायचं, हे त्याने येताना गाडीतच ठरवलं होतं.

"अवो," ठमाबाई म्हणाली, "त्या विहिरीचं सांगा."

"ठमे, मी दमलोय."

"मीबी चालतच आलेय. दमलाव म्हणून अर्धंच सांगणार?"

तीच पुढे सरकली.

"एका भल्या सरदारानं आमाला टांग्यात घालून तरनतारनच्या देवळाचं तळं दाखवलं. येताना आपल्या गावाला नेलं. खाटेवर बसवलं. त्याच्या बायकोनं मला विहिरीवर नेऊन माझ्या हातात दोर दिला. जन्मात पयल्यांदा विहिरीचं पाणी ओढलं मी. आणि बघते तर एक बाई लांब उभी. घागर भुईला ठेवलेली. तोंड वळवलेलं. झाडाची सावली सोडून उन्हात उभी, कुणाच्या वाटंत नको म्हणून. तिच्याकडं बघितलं आणि वळखलं. ही आपली."

"शीख नसंल ती," सदू म्हणाला.

"मलाबी तसंच वाटलं," गोमाजी मिटल्या डोळ्यांनी बोलला. "टांगेवाल्याला इचारलं. तिचा नवरा शीखच हाय. दाढी, पगडी, हातात कडं, समदं हाय. आधी झाडूवाला व्हता. आता झाडूवाला शीख."

"आणि तो सरदार काय बोलला?" चांगूने विचारलं.

"मान खाली घातली त्यानं. वाईट माणूस नाय तो."

सदूचा आवाज चढला. "मंग सांगितलंत कशाला? नसतं सांगितलं तर काय बिघडत व्हतं? इथं लोकं आस लावून बसली व्हती!"

"शीख होऊनबी हीच लोकं घागर घेऊन उभी ऱ्हायली असती, तवा कळलंच असतं," ठमाबाई म्हणाली. "मंग मला शिव्या घातल्या असत्यात."

चांगू पुन्हा दाढी खाजवू लागला.

उंबऱ्यात ठमाबाईची सून मैना उभी होती. सासू नव्हती तेवढे दिवस पाण्याला तीच जात होती. मराठ्यांच्या पाणवठ्याखाली घागर ठेवायची, आणि कोणाला तरी दया येईपर्यंत थांबायचं.

"मंग तुमी काय केलंत, आत्याबाय?" तिने विचारलं.

"काय करणार गो. माझी भरलेली कळशी घेऊन तिच्यापाशी गेले. ओतायला वाकले, तर तिनं घागर उचलून पोटाशी धरली. विहिरीवरच्या बायांकडं बघितलं. मंग हळूच कायतरी बोलली."

"काय बोलली?"

"मला कुठं येते त्यांची भाषा?"

मैना उंबऱ्यातून अंगणात आली.

"'तुमी आता जाल बाई,'" ती म्हणाली, "'मला उद्या परत इथंच यायचंय.' असंच बोलली असंल."