सावलीतून उन्हात येताना

आलेखातले झटके वादळांचे नव्हतेच, हे धाकटीला कळलं तेव्हा शेजारच्या खोलीत बाई उद्याच्या भाषणाची उजळणी करत होत्या.

धाकटी म्हणजे प्रयोगशाळेत सर्वांत नवी, आणि बाई तिथल्या प्रमुख. उपग्रहाच्या लांब दांड्या पृथ्वीच्या वरच्या, विरळ हवेतलं विद्युत क्षेत्र मोजत. ते मधूनच थरथरे. खाली गडगडणारी वादळंच त्याला हलवतात, असं बाई तरुणपणापासून सांगत आल्या होत्या आणि लोक हसत आले होते. आता उपग्रहाच्या आलेखात तसेच झटके दिसले होते, म्हणजे पुरावा हाती आला होता. उद्या भर सभेत त्या तो मांडणार होत्या.

पण धाकटीने वादळं सोडून उपग्रहाकडेच पाहिलं. पृथ्वीच्या सावलीतून तो उन्हात आला, की नेमका तेव्हाच झटका बसे. ऊन लागताच त्याचे सौरफलक एकदम जागे होत आणि त्यांचीच वीज दांड्यांना चकवे. आपल्याच घरातलं भांडं पडावं आणि आपण पाहुणे आले म्हणून दार उघडावं, तसं झालं होतं.

सभा होऊन जाऊ दे, मग सांग, असं प्रयोगशाळेतल्या अभियंत्याने तिला समजावलं. नोकरी अजून कच्ची आहे, आणि तोंडाळ म्हणून तुझं नाव आधीच झालंय, हेही तो हसत बोलला.

तरी ती बाईंकडे गेली.

बाईंनी चष्मा पुसून आलेख पाहिला. पुन्हा पाहिला. वादळ होतं पण उपग्रह सावलीतच होता, अशा वेळचे आलेख मागितले. ते सपाट होते. मग त्यांनी आयोजकांना फोन लावला. पुरावा चुकीचा निघाला आहे, उद्या चूक कशी सापडली ते सांगू, आणि सांगणारी मी नसेन, असं त्यांनी शांतपणे कळवलं.

धाकटीने आलेख गोळा केले. "बाई, तुम्ही मला वादळं मोजायला बसवलं होतंत. मी भलतीकडेच गेले."

"मला हवं तेच मला दिसणार, हे मला ठाऊक होतं," बाई म्हणाल्या. "म्हणून तर मुलाखतीत माझ्याशी भांडणारी एकच मुलगी होती, तिला मी घेतलं."