अपडेटची वेळ

"व्हॉइसमेलचं सर्व्हर अपडेट पहाटे उरकू. तेव्हा कोण फोन करतं?" पुण्याहून साहेबांनी विचारलं.

वाघ कुठे दिसला, ते मी रोज घरूनच माझ्या आवाजात रेकॉर्ड करून त्या सर्व्हरवर ठेवते. कुरखेड्याकडच्या बायका फोन लावून ते ऐकतात, मगच मोहफुलं वेचायला निघतात.

"सर, दुपारी करू या. पहाटे सर्व्हर बंद दिसला तर त्या तशाच जंगलात शिरतील."

"पण खरंच ऐकतं का कोणी?"

आज पहाटे त्या बायकांपैकी केसरबाईंनी ठेवलेला निरोप मी साहेबांना ऐकवला, आणि अपडेट दुपारवर गेलं.

"बाई, वाघाचं समजलं. आज आमी कोनी मोहाले जात नाई. पन तू बोलत होती तवा मांगं लेकरू रडून राह्यलं होतं. त्याले घे ना आंधी."