लिंबाजीची मिशी

"काका, डोकं आन् मिशी," लिंबाजी म्हणाला आणि रिकामी घागर बाजूला ठेवून रामकिसन न्हाव्यासमोर बसला.

पट्टीवर वस्तरा फिरवणारा रामकिसनचा हात थांबला. कर्ता माणूस मिशी उतरवायला बसला, की न्हाव्याला फार विचारावं लागत नाही. याची आई मागेच गेली होती. तेव्हाही ही मिशी रामकिसननेच उतरवली होती. राहिला होता बाप.

"आबाराव गेले?"

लिंबाजीने मान खाली घातली.

"आन् सांगावा न्हाय धाडलास?"

"धाडायला आमच्या गावात हाय कोण? समदे खडी फोडायला गेले. आबांना हलवता येत नव्हतं, म्हणून म्या मागं राहिलो." बोलताना त्याच्या फुटलेल्या ओठातून रक्त आलं. "आज दहावा हाय, काका. घरात पिंडाला पाण्याचा थेंब न्हाय. घागरभर तरी मिळंल का?"

रामकिसनने विहिरीकडे पाहिलं. सोसायटीच्या त्या विहिरीला अजून पाणी होतं आणि पाण्याच्या राखणीला काठी घेऊन बंडप्पा बसला होता. सभासद नसलेल्याला पाणी नाही, मग तो सोयरा असो की शेजारच्या गावचा. कुणी बाळंतिणीचं नाव सांगून पाणी मागे, कुणी सोनारीच्या भैरोबाची शपथ घेई. बंडप्पा सगळ्यांना सारखाच हाकलून देई.

"बघू," रामकिसन म्हणाला. "आधी क्षौर होऊ दे."

दुष्काळाने त्याचंही कंबरडं मोडलं होतं. चेअरमनला दाढी केल्याशिवाय मीटिंगला बसवत नसे, म्हणून सोसायटी रामकिसनला रोज तांब्याभर पाणी देई. आता त्याच चेअरमनने धाराशिवहून ब्लेडचं मशीन आणलं होतं. तांब्या आज बंद होतो की उद्या, एवढंच बघायचं राहिलं होतं. गावची पोरं तर केव्हाच ब्लेडवाली झाली होती. वस्तऱ्याचं आता काय लोणचं घालायचं, असं त्याला रोज वाटे.

वाटत नसे ते एकट्या आबारावांना. चालवत होतं तोवर दर बाजारच्या दिवशी ते शेजारच्या गावाहून पायी येत. गरम पाणी, फेस, वस्तरा, वरून तुरटी, यातलं एकही चुकलेलं त्यांना खपत नसे. "रामकिसन, ही पोरं चार दिवस गाल खरवडून घेतील," ते म्हणत. "मग फेसाची याद आली, की गुमान तुझ्याच म्होरं येऊन बसतील. माझा शब्द लिहून ठेव." दाढी झाली की आरशात पाहायचे नाहीत. डोळ्यांत फूल पडल्यापासून आरसा कामाचा नव्हताच. बोटाची पाठ हनुवटीवरून उलटी वर ओठापर्यंत चढवत आणि म्हणत, "हां. आता मानूस झालो."

असं गिऱ्हाईक पुन्हा होणार नव्हतं. रामकिसनचे डोळे भरून आले. सुतकाच्या क्षौराला फेस कुणी लावत नाही, ओला हात फिरवला की झालं. पण त्याने वाटीत पाणी ओतलं आणि साबणावर ब्रश घोळवायला घेतला.

लिंबाजी वाटीकडे टक लावून पाहत होता. "काका, एवढं पाणी नका घालू."

"गप. आबारावांचा लेक हायेस तू."

डोकं झालं. वरच्या ओठावर फेस चढला आणि वस्तरा जवळ गेला, तसं लिंबाजीने त्याचं मनगट गच्च धरलं. डोळ्यांत अशी भीती होती, की रामकिसनलाच पाहवेना.

"नको... थांबा जरा."

"समद्यांचा हात असाच येतो, बाळा. मिशी उतरली की बाप खरंच गेला, असं वाटतंय. पर आपण धरून ठेवल्यानं कुणी राहत न्हाय."

लिंबाजीची पकड सुटली. वस्तरा फिरला आणि तो लहान पोरासारखा हमसून हमसून रडू लागला. रामकिसनही रडला.

आबाराव गेल्याचं रामकिसनने हाक मारून सांगितलं, तसा बंडप्पा काठी टेकत आला. त्याने तो उघडा ओठ पाहिला आणि नजर वळवली. "बापावरनं कुणी खोटं बोलत न्हाय," तो पुटपुटला आणि घागर त्याने स्वतःच भरून दिली. ती डोक्यावर घेऊन लिंबाजी जवळजवळ पळतच सुटला.

रामकिसनला करमेना. अख्ख्या रिकाम्या गावात त्या पोराने एकट्याने पिंड कसा ठेवायचा? तो घरी गेला आणि त्याने बायकोला सगळं सांगितलं. कस्तुराबाईने काही न विचारता घरातली अर्धी कळशी त्याच्या हातात दिली.

"जावा," ती म्हणाली. "त्यांना तहानेलं नका धाडू."

आबारावांच्या गावात दारोदार कुलपं होती. लिंबाजीचं दार तेवढं उघडं होतं. रामकिसनने उंबऱ्यापाशी कळशी ठेवली आणि आत डोकावला. दिवसाउजेडीही घरात अंधार होता. लिंबाजी बाजेशेजारी गुडघ्यांवर बसला होता आणि कुणाच्या तरी तोंडाला तांब्या लावून होता. घोट गिळल्याचा आवाज येत होता. तांब्या बाजूला झाला. बाजेवरून एक हाडकुळा हात वर आला, लिंबाजीच्या चेहऱ्यावर चाचपडला, आणि बोटाची पाठ त्याच्या हनुवटीवरून उलटी वर चढत ओठावर येऊन थांबली.

"मिशी उतरवलीस, लिंबा?" आबारावांनी विचारलं. "कोण गेलं रं?"