लिऑनचे आठ दिवस

हिराबाई ओटीवर बसली होती. खोबरेल चोपडलेले दोन्ही हात मांडीवर उताणे पडले होते. पंधरा दिवसांत तिने भांडं घासलं नव्हतं, शेणात हात घातला नव्हता, भाकरी थापली नव्हती. भाकऱ्या तिचा नवरा अनंता थापायचा. त्या तव्यावर फुटायच्या आणि ती नुसती बघायची.

उद्या मुंबईला जाऊन व्हिसासाठी दहा बोटांचे ठसे द्यायचे होते. शहापूरला आधारच्या मशीनवर तिची बोटं तीनदा उमटली नव्हती. लावणीच्या चिखलात, राखेत रेषा पार झिजल्या होत्या. मशीनवरची मुलगी म्हणाली होती, "मावशी, पंधरा दिवस हातांना आराम द्या, तेल लावा."

समोर तांब्याला टेकवलेल्या फोनमध्ये तिची मुलगी कुणाली होती. फ्रान्सला, लिऑन शहरात नोकरीला जाऊन तिला तीन वर्षं झाली होती. तिथे राहायच्या परवान्याचे कागद नूतनीकरणात अडकले होते, म्हणून तिला देश सोडता येत नव्हता. मेच्या शेवटी आठ दिवस रजा तेवढी मिळाली होती. तेव्हा आईबापांनीच यायचं ठरलं होतं. जूनमध्ये पेरणीला परत.

"पहिला दिवस नुसतं झोपायचं," कुणाली सांगत होती. "दुसऱ्या दिवशी नदी. इथे दोन नद्या आहेत, शहराच्या टोकाला एकमेकींना मिळतात. तिसऱ्या दिवशी डोंगरावरचं चर्च. चढायचं नाय, वर गाडी जाते."

"बाकीचं तू ठरव," हिराबाई म्हणाली. "एक दिस मला शेगडीपाशी दे. पीठ मी हितनं आनते. तीन वरसं तू भाकर खाल्ली नायस."

"करते की मी इथे."

"तू करतेस ती मी फोनात बघितलीय."

कुणाली हसली. "बरं, चौथा दिवस भाकरीचा. आता ऑफिसला पळते. उद्या ठसे दिले की लगेच फोन कर."

फोन बंद झाला आणि थोड्या वेळाने जळका वास आला.

पलीकडच्या शेतात कमळाबाई राब भाजत होती. भाताच्या रोपासाठी पालापाचोळा, शेण पसरून जमीन भाजायची, ते काम. विधवा बाई, एकटीच करायची. वारा फिरला आणि जाळ बांध ओलांडून पेंढ्याच्या उडवीला लागला. उडवीला लागूनच तिच्या शेळ्यांचा गोठा.

अनंता बादली घेऊन धावला. जाता जाता वळून म्हणाला, "तू बस. कशात हात घालू नको."

हिराबाई उठली होती, ती पुन्हा बसली. दुपारची वेळ, गावातले कामावर गेलेले. अनंता बादली ओतत होता, कमळाबाई हिरव्या फांदीने जाळ झोडपत होती, आणि जाळ हटत नव्हता. गोठ्यातनं करडं ओरडायला लागली. हिराबाईने हात पदरात गुंडाळले. मग कानांवर ठेवले.

मग ती धावली.

गोठ्याच्या पत्र्याच्या दाराला लोखंडी कडी होती. तिने उजव्या हाताने ओढली. हात तेलकट, कडी तापलेली. ती अर्धी सरकली आणि अडली. तिने डावा हात लावला आणि सगळा जोर काढून ओढली. दार उघडलं. शेळ्या तिच्या अंगावरूनच बाहेर पळाल्या.

डॉक्टरांनी दोन्ही हातांना पट्ट्या बांधल्या आणि महिनाभर तरी सोडायच्या नाहीत म्हणून सांगितलं. अनंताने दवाखान्याच्या पायरीवरूनच मुंबईच्या व्हिसा ऑफिसला फोन लावला. बराच वेळ तो ऐकत होता. "हो, हो मॅडम," म्हणाला आणि फोन खिशात टाकला.

"काय म्हनली?"

"जखमा भरल्या की नवीन तारीख घ्या."

म्हणजे जुलै. तेव्हा कुणालीला रजा नव्हती. दोघं जीपमध्ये बसली.

संध्याकाळी कमळाबाई आली. उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. तिच्या भुवया जळल्या होत्या.

"हिरे, माझ्यामुळं..."

"किती वाचली?"

"सात. एक करडू गेलं."

हिराबाईने मान हलवली. कमळाबाई पदर सावरत निघून गेली.

रात्री अनंताने कुणालीला फोन लावला, झालं ते सगळं सांगितलं आणि फोन हिराबाईसमोर ठेवून म्हशीकडे गेला. त्याला तिथे बसवत नव्हतं.

"आई, बाबा गेले होते ना तिथे?" कुणाली म्हणाली. "तू का गेलीस?"

"करडं वरडत होती गो."

कुणालीच्या मागे उघडी खिडकी होती आणि खिडकीत अजून लख्ख ऊन होतं.

"आग होते का?"

"नाय."

"खोटं बोलू नको."

"होते."

कुणालीने हाताच्या पाठीने डोळे पुसले. परवान्याचे कागद कधी येणार, हे हिराबाईने विचारलं नाही. विचारून ते लवकर येणार नव्हते. "जेव तू," ती म्हणाली. "ठेव आता."

"तूच ठेव."

हिराबाईने हात पुढे केला. पट्टीचा गोळा फोनच्या काचेवर दोनदा टेकवला. काही झालं नाही. तिने हात मागे घेतला.

कुणालीनेही फोन ठेवला नाही. दोघी एकमेकींकडे बघत बसल्या.