बटाटे टाक, येतोय

“आर्लीन, बटाटे टाक. येतोय.”

स्वयंपाकघरातल्या रेडिओवर आवाज आला आणि आर्लीन उठली. पातेल्यात पाणी घेतलं, बटाटे टाकले, शेगडी पेटवली. मग मात्र तिचा हात तिथेच थबकला. तिच्या नवऱ्याला, वेंडेलला जाऊन दोन हिवाळे झाले होते. त्याची बोट बेटापलीकडे गोल गोल फिरताना सापडली होती. इंजिन चालू होतं आणि बोटीवर कोणीच नव्हतं.

बाहेर लख्ख ऊन पडलं होतं. दुपारचे चार, म्हणजे बोटी परतायची वेळ.

अमेरिकेतल्या मेन राज्याच्या त्या किनाऱ्यावर शेवंडी, म्हणजे लॉबस्टर, पकडणाऱ्या घराघरांत असा रेडिओ असतो. नवरा पाण्यात, बायको ओट्यापाशी, आणि मध्ये एकच चॅनेल, जे सगळं बंदर ऐकतं. म्हणून पुरुषमाणसं त्यावर आमिष, धुकं आणि जेवण याखेरीज काही बोलत नाहीत. कोणी चुकून मनातलं बोलला, तर त्याची वर्षभर टर उडते. वेंडेलने उभ्या संसारात चॅनेलवर बटाट्यांच्या पुढे मजल मारली नव्हती. घरीही तो तोंडात मिठाची गुळणी धरूनच बसायचा.

त्याच आठवड्यात आर्लीनच्या उजव्या खांद्यात कॉर्टिझोनचं इंजेक्शन दिलं होतं. शेवंडी पकडायच्या पिंजऱ्यांची जाळी विणून विणून तो खांदा कामातून गेला होता. दुखणं पार पळालं. पण तेव्हापासून तिच्या डोळ्याला डोळा लागला नव्हता. चेहरा लालबुंद झाला होता. तिने खिडक्या पुसल्या, तळघर धुतलं, पुढच्या हंगामाची जाळी विणून ठेवली, तरी अंगातला जोर काही ओसरेना. आता इतकं बरं वाटतंय अशी तक्रार करायची तरी कोणाकडे!

दुसऱ्या दिवशी तो पुन्हा बोलला.

“काय गं, आहेस ना घरात? की बसलीस चर्चमध्ये गप्पा कुटत?”

तोच खोकला, मागे तेच इंजिन. आर्लीनला अतोनात आनंद झाला, आणि आनंद झाला याचीच तिला भीती वाटली. तिने मुकाट्याने बटाटे सोलले.

त्यानंतरच्या दुपारी त्याने बटाट्यांचं नावच काढलं नाही.

“आर्लीन, एक सांगायचं राहिलं.” आवाज अगदी खाली आला होता. “त्या दिवशी सकाळी निघताना मी...”

पुढे नुसती खरखर.

तिने माइक उचलला. “बोल वेंडेल, ऐकतेय मी. ऐकेना का सगळं बंदर! तू बोल.”

चॅनेल गप्प झालं. एरवी त्या वेळेला तिथे चिमण्यांसारखा कलकलाट असतो. सगळ्या बोटी घरी परतत होत्या, सगळ्यांचे रेडिओ चालू होते, पण कोणी हसलं नाही की खाकरलं नाही. बऱ्याच वेळाने तिच्या मुलाचा, डेलचा आवाज आला.

“आई, माइक खाली ठेव. मी निघालोय.”

डेलने पायातले गुडघ्यापर्यंतचे रबरी बूटही न काढता तिला दवाखान्यात नेलं. डॉक्टरीण तरुण होती, स्वभावाने मऊ. “औषधाचा परिणाम आहे,” ती म्हणाली. “क्वचित होतं असं. झोप उडते, मन उधळतं, नसलेलं ऐकू येतं. आपोआप ओसरेल. पण यांना हे इंजेक्शन पुन्हा कधी म्हणजे कधीच द्यायचं नाही.”

“ओसरेल म्हणजे? आवाज जाईल?” आर्लीनने विचारलं.

“जाईल. घाबरू नका, आजी.”

डेलचा जीव भांड्यात पडला. घरी येताना गाडीत आर्लीनने त्याला विचारलं, “तू काय ऐकलंस रे?”

“तुझाच आवाज. त्याआधी जरा खरखर.”

“खरखर झाली ना?”

“ती रोजच होते, आई.”

डॉक्टरीण म्हणाली तसंच झालं. वेंडेल बोलायचा, पण शब्द कळेनात. मग नुसतंच इंजिन ऐकू येऊ लागलं, तेही दूर दूर जाणारं. आर्लीन रेडिओला कान लावून बसायची. त्या अर्ध्या वाक्यापायी तिचा जीव टांगणीला लागला होता. एका दुपारी चार वाजले आणि काहीच आलं नाही. त्या रात्री तिला गाढ झोप लागली. जाग आल्यावर ती बराच वेळ रडली.

चेहऱ्याची लाली गेली. बंदर पुन्हा धुक्यावर आणि आमिषावर बोलू लागलं. “बाई सावरल्या,” लोक म्हणाले. डेलने रेडिओ काढून न्यायचं म्हटलं, तेव्हा ती म्हणाली, “राहू दे. तू कधी येतोस ते कळतं.” पोराला बरं वाटलं.

पानगळ संपत आली तेव्हा लोकर आणायला जाते सांगून आर्लीन एकटीच गाडी घेऊन निघाली. किनाऱ्याकिनाऱ्याने खूप लांब, जिथे तिला कोणी ओळखत नव्हतं अशा गावातल्या दवाखान्यात ती शिरली. डॉक्टरांनी खांदा दाबला, तशी ती जोरात कळवळली.

“कॉर्टिझोन देऊन बघू,” ते म्हणाले. “आधी कधी घेतलंय? काही त्रास?”

“छे, पहिलीच वेळ,” आर्लीन म्हणाली, आणि तिने कधीच न दुखलेल्या डाव्या खांद्यावरची बाही वर सारली.