चिकटवलेलं पोट

साडेदहाला कोलकात्याच्या तज्ज्ञ मॅडम पेटी तपासायला येणार होत्या, आणि आम्रपाली लेन्स घेऊन पेटीवर वाकली होती.

पेटीत एकाच वंशातले चाळीस पतंग टाचलेले होते. पंखावर तीन ठिपके असले की पोटाचं टोक बोथट. चार असले की टोकदार. दोन प्रजाती, सरळ हिशेब. पण शेवटच्या ओळीतल्या एकाचे ठिपके तीन आणि पोट टोकदार निघालं! तिच्या गाइड सरांनी नवी प्रजाती जाहीर केली आणि नंदिनी गावच्या खाणीजवळ तो पतंग धरणाऱ्या आम्रपालीचंच नाव तिला दिलं. आम्रपालीची पीएचडी त्याच एका किड्यावर उभी होती.

आज तिने पोटाचा सांधा पाहिला. डिंकाचा पिवळा थेंब. पहिल्या वर्षी ट्रे पुसताना दोन पोटं गळून पडली होती. सर ओरडतील म्हणून तिने गुपचूप चिकटवून टाकली होती. तिने वरच्या ओळीत शोधलं. चार ठिपके, बोथट पोट. नुसते ठिपके मोजून सगळ्यांनी तो सोडून दिला होता. जोडीदार तिथेच बसला होता, मेला!

"कोनतं व्हय वो माय, तुह्या नावाचं?"

तिचे बाबा, प्रेमानंद, पेढ्यांचा डबा घेऊन दारात उभे. रूळ बनवणाऱ्या रेल मिलमधून रिटायर झालेला माणूस. अख्ख्या कोहका वस्तीत लेकीच्या नावाचा किडा सांगत फिरला होता. तिने बोट दाखवलं.

"याले लाल चिठ्ठी कावून? आमच्या इथं भेग पडलेल्या रेलले लाल लावत होतो. रिजेक्ट."

"नव्या प्रजातीच्या मूळ नमुन्याला लाल लावतात, बाबा," ती म्हणाली, आणि मागच्या टेबलाशी बसलेल्या सरांकडे वळली. "सर, हे पोट याचं नाही. मी चिकटवलं होतं. चुकून अदलाबदल झाली."

सर खुर्चीतून उठले. त्यांनी दाराकडे पाहिलं. "चुप रहो. किसी को पता नहीं चलेगा. तुम्हारी डिग्री भी जाएगी, समझीं?"

बाहेर गाडीचं दार वाजलं. व्हरांड्यात चपला वाजू लागल्या. पेटीचं झाकण लावावं की उघडं ठेवावं, तेच आम्रपालीला सुचेना. तिने बाबांकडे पाहिलं. सगळं नाही, पण तिच्या नावाचा किडा खोटा निघालाय एवढं त्यांना कळलं होतं. त्यांनी पेढ्यांचा डबा बंद करून काखेत मारला.

"बत्तीस वर्षं दुसऱ्याच्या रेलवर लाल मारली म्या," ते हळूच म्हणाले. "सोपं होतं. सोताच्या नावावर मारायची पाळी मले कधी आली नाही, बाई. तुह्यावर आली."

मॅडम आत आल्या आणि त्यांनी पेटीसाठी हात पुढे केला.